दुसरं पाणी

सुगी तोंडावर आली होती, लोहाराच्या दारात विळ्यांचा ढीग पडला होता आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेला शिकवायची नवी रीत सुचली.

रीत अशी, की गणित, विज्ञान, भाषा आणि चित्रकला यांचे तास वेगवेगळे घ्यायचेच नाहीत. पाच-पाच मुलांचे गट करायचे, एकेका गटाने गावातलं एकेक काम धरायचं आणि आठवडाभर त्या कामाशेजारी बसून तिथेच चारही विषय शिकायचे. एक गट सुताराकडे गेला, एक दवाखान्यात, एक पिठाच्या चक्कीवर. गावाने आधी नाक मुरडलं. शाळेला भिंती कमी पडल्या वाटतं, असं चक्कीवाला दिवसभर येईल त्याला ऐकवत होता. दुसऱ्या दिवशी मात्र तोच पोरांना जात्याचे फेरे मोजायला शिकवत होता आणि गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवत होता.

लोहाराच्या वाट्याला आलेले पाचजण सोमवारी सकाळी भट्टीपुढे येऊन उभे राहिले. सोबत विज्ञानाच्या बाई होत्या. बाई तरुण होत्या, स्कूटरवरून यायच्या आणि प्रश्न विचारला की समोरच्याचं उत्तर ऐकायला खरोखर थांबायच्या. मास्तर लोकांच्या या वागण्याची गावाला सवय नव्हती.

"काका, मुलं फक्त बघतील, मोजतील आणि लिहून घेतील," बाई म्हणाल्या. "चार प्रश्न दिलेत त्यांना. काय दिसतं? किती वेळ लागतो? कोण ठरवतं? आणि अडचण काय आहे? शेवटच्या प्रश्नावर जमलं तर काही उपायही करायचा. शनिवारी शाळेत तक्ते लावणार आहोत. सगळ्या गावाला बोलावलंय."

"बसू द्या की!" लोहार म्हणाला. "माझ्या बापाने मला असंच नुसतं बसवून शिकवलं. विचारा रे पोरांनो, काय विचारायचं ते."

 भात्याची साखळी धरून बसलेल्या लोहारणीने नवऱ्याकडे बघून डोळे वटारले. पण वटारलेले डोळे कळायला समोरच्याला दिसायला तर हवं.

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. चार वर्षांपूर्वी लोहाराला आधी पिवळा आणि तांबूस हे रंग सारखेच दिसायला लागले, मग जांभळा आणि राखाडी. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, की जन्मभर आगीत बघून बघून आतला पडदा भाजलाय, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही.  आकार त्याला अजून कळायचे. लाल तापलेलं लोखंड उजेडाने कळायचं. घण कुठे पडतोय ते हाताला माहीत होतं. पण विळ्याला पाणी दोनदा द्यावं लागतं आणि दुसरं पाणी सगळं रंगावर असतं.

पहिलं पाणी सोपं. पातं लालभडक तापवायचं आणि हौदात बुडवायचं, की ते काचेसारखं कडक होतं. पण कडक पातं दगडाला लागलं की तुटतं. म्हणून ते विटेवर घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्याच्या कडेला धरून पुन्हा हळूहळू तापवायचं. मग त्या चकचकीत लोखंडावर रंग चढत जातात. आधी वाळल्या काडीसारखा फिका, मग मधाचा, मग तांबूस, जांभळा, निळा आणि शेवटी राखेचा. विळा मधाच्या रंगाला पुन्हा पाण्यात गेला पाहिजे. अलीकडे गेला तर तुटणार, पलीकडे गेला तर मऊ पडणार. मध पाचसहा श्वासांपेक्षा जास्त टिकत नाही.

डॉक्टरकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी लोहाराने बायकोला निखाऱ्यापाशी बसवलं आणि सगळे रंग पाठ करून घेतले. चुकली की वैतागायचा, आवाज चढवायचा. महिनाभरात ती अशी तयार झाली, की झोपेतही मध ओळखेल. तेव्हापासून तो निखाऱ्यावर पातं धरायचा, ती पलीकडे पुढच्या पात्यासाठी भाता ओढत बसायची आणि मधाचा रंग आला की साखळीला दोन तोकडे हिसके द्यायची. साखळी वरच्या कप्पीवर खट् खट् वाजायची. तो पातं पाण्यात घालायचा. चर्र.

चार वर्षांत हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बायको भाता ओढते, भाता वाजतो, त्यात काय बघायचं? कळलं असतं तर गिऱ्हाईक एका दिवसात तुटलं असतं. तालुक्याला यंत्रावर विळे लावून देणारा बसलाच होता, आणि या दोघांना दुसरं काही येत नव्हतं.

"आता ही पोरं दिवसभर डोळे फाडून बसणार," बाई गेल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली. "हो कशाला म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर का नाही म्हणून विचारलं असतं. पोरंच आहेत. ती आग बघतील, ठिणग्या बघतील. तुझ्याकडे कोण बघतंय?"

हे मात्र त्याचं खरं होतं. चार वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

पाचातली चारजणं ठिणग्याच बघत बसली. एकजण तर भट्टीवर बटाटा भाजता येईल का, एवढंच विचारत होता. पाचवी मात्र पोरगी होती, जाड चष्म्याची, आणि तिचे डोळे एका जागी ठरत नव्हते. तिला सगळे चष्मावालीच म्हणायचे. कापणीच्या टोळीच्या मुकादमीणबाईची ही लेक. दारात पडलेल्या ढिगातले चाळीस विळे तिच्या आईचेच होते. तिच्याजवळ हातातलं घड्याळ, रंगीत पेन्सिलींचा डबा आणि रेघा मारलेली वही होती. प्रत्येक विळ्याला तिने नंबर दिला. पाण्यात जाताना पात्याचा जो रंग दिसेल तो ती लगेच वहीत रंगवायची आणि शेजारी वेळ लिहायची.

मंगळवारी दुपारी बाकीची मुलं घरी गेली तरी ती रेंगाळली. लोहार आत जेवायला गेला होता.

"आजी, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही मध्येच साखळी दोनदा ओढता. बाकी वेळी लांब ओढता, तेव्हा आखूड. असं का?"

 लोहारणीने कोळसे सारखे केले, ते सारखेच होते तरी केले. "साखळी अडकते गं," ती म्हणाली. "जुनी झालीय. अडकली की हिसका द्यावा लागतो."

"रोज?"

"रोजच. काय करायचं, जुन्या वस्तूचं असंच असतं."

चष्मावालीने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते विचारायचा धीर लोहारणीला झाला नाही. पोरीला चटकन फसवलं म्हणून तिला बरंही वाटलं आणि लाजही वाटली. 

बुधवारी सकाळपासून ऊन असं रणरणत होतं, की भट्टीपाशी बसणं आणि बाहेर उभं राहणं सारखंच. मुकादमीणबाई स्वतः आली होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. उद्यापासून टोळी शेतात उतरणार, म्हणून तयार होतील तेवढे विळे आजच हवेत, असं म्हणत ती ओट्यावर ठाण मांडून बसली. सोमवारपासून आठ विळे झाले होते. लोहार कोळसा आणायला मागे गेला तेवढ्यात लोहारीणही पाणी प्यायला आत गेली आणि परत येऊन बसली, तर पोरं एकमेकांना कोपरं मारत खुसुखुसु हसत होती.

"काय रे, काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही आजी," चष्मावाली म्हणाली. "नंतर सांगते. गंमत आहे."

नववा विळा निखाऱ्यावर आला. लोहारणीने भाता धरला. रंग चढायला लागला, काडीचा झाला, मधाचा झाला. तिने साखळीला दोन हिसके दिले.

आवाज झाला नाही.

तिने पुन्हा दिले. साखळी लोण्यातून सुरी फिरावी तशी कप्पीवरून सुळकन गेली. तिने वर बघितलं. कप्पी तेलाने चमकत होती आणि साखळीखाली चामड्याची नवी पट्टी बसवली होती. शिलाई मशीनची तेलाची बाटली चष्मावालीच्या मांडीवर होती आणि पोरगी कौतुकाची वाट बघत बसली होती. आजींची अडचण गटाने दूर केली होती.

लोहार वाट बघत होता. त्याचं डोकं किंचित भात्याकडे वळलेलं होतं, कान टवकारलेले. पातं तांबूस झालं. लोहारीण खोकली. धुराने सगळेच खोकत होते, त्याने लक्ष दिलं नाही. पातं जांभळं झालं, निळं झालं. ती एवढ्या जोरात साखळी ओढत होती की तळहात सोलून निघाला, आणि साखळी मुकीच राहिली.

"अहो!" ती शेवटी ओरडली.

त्याने दचकून पातं पाण्यात घातलं. तोवर ते राखेच्या रंगाचं झालं होतं.

"काय झालं वहिनी?" मुकादमीणबाईने विचारलं.

"काही नाही. ठिणगी उडाली पायावर."

लोहाराला कळलं होतं.  आता पातं पुन्हा तापवून दोन्ही पाणी पहिल्यापासून द्यायला हवं होतं, अर्ध्या तासाचं काम. पण पुन्हा तापवायचं तर का तापवतोय ते सांगावं लागलं असतं, आणि मुकादमीणबाई तीन हातांवर बसली होती. त्याने विळा पुसला आणि झालेल्या ढिगात टाकला. लोहारणीने तो ढिगात पडताना बघितला. तिच्या जिभेवर शब्द आला होता. पाच पोरं आणि मुकादमीणबाई यांच्याकडे बघून तिने तो गिळला.

पुढच्या प्रत्येक पात्याला तिने पायाजवळच्या घमेल्यावर चिमटा आपटला. लोहाराला ते कळलं आणि बाकीचे विळे नीट झाले. नववा मात्र इतर अकरांसोबत बांधून गेला.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी मुकादमीणबाई परत आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडक्यावर रक्त सुकलं होतं.

"दादा, हा विळा बघ," ती म्हणाली आणि तो ऐरणीवर आपटला. धार मध्येच दुमडली होती. "धाकट्या जावेच्या हातात होता. ज्वारीच्या ताटाला लागला आणि वळला. सटकला तो डाव्या हातावर. अंगठ्याशेजारचं बोट हाडापर्यंत गेलंय. डॉक्टर म्हणाला, वाकेल की नाही सांगता येत नाही."

लोहाराने पात्यावरून अंगठा फिरवला. त्याला बघायची गरजच नव्हती.

"लोखंडच खराब," तो म्हणाला. "हल्ली असंच येतं. वरून कळत नाही."

"बाकीच्या अकरांचं लोखंड चांगलं आणि ह्या एकाचंच खराब?"

"होतं असं कधी कधी."

मुकादमीणबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिने जन्मभर माणसं कामाला लावली होती, कोण खरं बोलतंय ते तिला वासावरून कळायचं. "पंचवीस वर्षं तुझ्या हातचे विळे वापरतेय, म्हणून रविवारपर्यंत थांबते," ती म्हणाली. "काय झालं ते मला नीट सांग. नाहीतर सोमवारी सगळे विळे उचलून तालुक्याला नेते. माझ्या टोळीत एकोणीस बायका आहेत, दादा. मी त्यांच्या हातात काहीही देऊ शकत नाही." जाताना तिने तो वाकडा विळा पुन्हा फडक्यात गुंडाळून नेला.

ती वळणाआड दिसेनाशी झाली.

"ढिगात टाकलात कशाला?" लोहारीण म्हणाली.

"तू बघितलंस ना टाकताना? मग तेव्हा का नाही बोललीस?"

 हेच तर ती कालपासून स्वतःला विचारत होती.

शुक्रवारी ती तडक शाळेत गेली. वर्गातली बाकं भिंतीला लावली होती आणि मुलं जमिनीवर लोळून तक्ते रंगवत होती. तिला बघताच चष्मावालीने आपला तक्ता घाईघाईने उलटा केला. बाईंनी तिला खुर्ची दिली. लोहारीण खुर्चीच्या कडेवर टेकली आणि काय बोलावं ते तिला सुचेना. तक्ता लावू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. का ते सांगायचं, तर मग तक्त्याची गरजच नाही.

"काय लिहिलंय पोरांनी?" तिने विचारलं.

"मलाही पूर्ण माहीत नाही," बाई हसून म्हणाल्या. "मी एवढंच सांगितलंय, की जे दिसलं तेच लिहायचं. उत्तर आपल्याला सोयीचं नसलं तरी बदलायचं नाही. काही काळजीचं आहे का काकू?"

"नाही नाही. सहज आले होते."

घरी येताना तिला वाटलं, आपण दोन तोंडांनी बोललो असतो तरी बरं झालं असतं, इथे तर एका तोंडानेही बोलता येईना.

शनिवारी लोहाराने धुतलेला सदरा घातला. तिने जाऊ नका म्हणून सांगून बघितलं. पण तो गेला नसता तर सगळ्या गावाने का आला नाही म्हणून विचारलं असतं, आणि शिवाय, चारचौघांत आपलं नाव घेतलं जाणार याची त्याला आतून हौस होती. चार वर्षांत त्याची हौस तेवढी धड राहिली होती. ती त्याच्या कोपराला हात लावून चालत होती, नवराबायको गर्दीत चालतात तशी.

सगळे तक्ते एका लांब खोलीत लावले होते. चक्कीच्या तक्त्यापुढे चक्कीवाला स्वतःच उभा राहून सांगत होता, मुलांना बोलूच देत नव्हता. लोहारकामाचा तक्ता टोकाला होता. त्यावर बारा विळ्यांच्या बारा ओळी, प्रत्येक ओळीत एक रंगवलेला चौकोन. वरच्या ओळींत मधाच्या रंगाचे चौकोन एकाखाली एक उतरत होते. नवव्या ओळीत राखेचा. खाली पुन्हा मध.

चष्मावाली पट्टी घेऊन उभी राहिली.  समोर तिची आई होती, हेडमास्तर होते, निम्मं गाव होतं.

"पहिला प्रश्न, काय दिसतं," ती म्हणाली आणि रंग सांगितले. "दुसरा, किती वेळ लागतो," आणि मिनिटं सांगितली. मग ती थांबली. "तिसरा प्रश्न, कोण ठरवतं. आम्हाला आधी वाटलं आजोबा ठरवतात. पण मी प्रत्येक वेळी लिहून ठेवलं. आधी साखळी दोनदा वाजते, मग आजोबा पाणी देतात. आठही वेळा. आणि साखळी वाजते तेव्हा रंग मधाचाच असतो."

लोहारणीच्या हाताखाली नवऱ्याचं कोपर दगडासारखं झालं.

"चौथा प्रश्न, अडचण. आजी म्हणाल्या साखळी अडकते. म्हणून मी तेल घातलं आणि पट्टी लावली." आता पोरगी रडायच्या बेतात आली होती. "त्यामुळे आवाज गेला. आवाज गेला म्हणून नऊ नंबरला आजोबांना कळलं नाही. तो विळा माझ्या काकूच्या हातात गेला. काकूचं बोट माझ्यामुळे कापलं. हे मी तक्त्यात खाली लिहिलंय."

 मुकादमीणबाई पुढे झाली. तिने लेकीकडे बघितलं, मग लोहाराकडे. "म्हणजे दादा, तुला रंग दिसत नाही?"

हेडमास्तरांना भांडणाची भयंकर भीती. ते लगबगीने मध्ये आले आणि लोहारणीकडे वळले. "अहो, मूल आहे. काहीतरी गैरसमज झाला असेल. लहान मुलं एकाचं एक जोडतात. काय काकू, असंच ना? साखळीचा आणि पाण्याचा काय संबंध?"

सुटायला दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. पोरीची समजूत चुकली म्हणायचं, सगळे हसले असते, लोखंड खराब निघालं असतं आणि सोमवारी विळे दारात राहिले असते. लोहारणीने चष्मावालीकडे बघितलं. पोरगी तिच्याकडेच बघत होती, जाड काचांतून, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी. आजी काय म्हणतील त्यावर तिचा सगळा आठवडा खरा किंवा खोटा ठरणार होता.

"पोरीने बरोबर लिहिलंय," लोहारीण म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "एकच चुकलंय. बोट तिच्यामुळे नाही कापलं. साखळी कधीच अडकत नव्हती. ते मी तिला खोटं सांगितलं. आणि नववा विळा बिघडलेला मी बघितला होता. बघून गप्प बसले."

"म्हणजे इतकी वर्षं पाणी वहिनीच देत होत्या?" चक्कीवाला मागून म्हणाला आणि दोघेतिघे हसले.

लोहाराने आपलं कोपर सोडवून घेतलं. तो वळला आणि दाराच्या उजेडाकडे चालायला लागला, ताठ मानेने, एकटा. उजेडाने दिपून वाटेतलं बाक त्याला दिसलं नाही. त्याची मांडी त्यावर आपटली, बाकावरच्या वह्या धडाधड खाली पडल्या. हसणारे गप्प झाले. तो खाली वाकला नाही, थांबला नाही. चाचपडत त्याने दाराची चौकट धरली आणि बाहेर गेला.

घरी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"चारचौघांत आंधळा केलंस मला," तो म्हणाला.

"मग काय त्या पोरीला खोटी पाडायला हवी होती?"

"हो. पाडायची होती."

ती दारात बसली. मग म्हणाली, "ते बोट वाकलं नाही तर?"  त्याचा श्वास बदलला, तो तिला ऐकू आला.

रविवारी सकाळी तिने भट्टी पेटवली. कुणी येणार नव्हतं, तरी पेटवली. नुसतं बसून राहणं तिच्याने होईना. ऊन ओट्यावर चढलं तेव्हा मुकादमीणबाई आली, मागून लेक. मुकादमीणबाईने काखेतलं फडकं सोडलं आणि तो वाकडा विळा बाहेर काढला.

आतून लोहार उठून आला होता. तिची चाहूल लागताच त्याचा हात सवयीने पुढे झाला, तळवा वर. पंचवीस वर्षं प्रत्येक विळा आधी त्या तळव्यावर यायचा.

मुकादमीणबाईने विळा लोहारणीच्या पुढ्यात ठेवला. "आधी हा नीट करून दाखव, वहिनी," ती म्हणाली. "मग बाकीच्यांचं बघू."

लोहाराचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. लोहारणीला ते बघवेना. तिने सांडस उचलली, पण दुमडलेली धार ठोकून सरळ करणं तिच्या हातचं नव्हतं, आणि हे तिघींनाही ठाऊक होतं.  मागायचं कसं, तेच तिला कळेना.

"तापव," लोहार म्हणाला.

तिने पातं लाल केलं आणि ऐरणीवर धरलं. त्याने हातोडा घेतला. आठ घाव, मग उलटं करून पाच. त्याने अंगठा धारेजवळून हवेतच फिरवला आणि मान हलवली. तिने पुन्हा तापवून पहिलं पाणी दिलं, विटेवर घासून पातं चकचकीत केलं. मग ती निखाऱ्यापाशी बसली, तिथे आजवर तोच बसायचा. भात्याची जागा रिकामी होती.  मग तो पाय ओढत आला, तिच्या जागेवर बसला आणि त्याने साखळी धरली.

साखळी वाजली नाही. तिचा आवाज गेला तो गेलाच होता.

"काडी," लोहारीण मोठ्याने म्हणाली. हा शब्द चार वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या कानावर पडत होता. चष्मावाली वही न उघडता बघत उभी होती.

"घाई करू नकोस," तो म्हणाला. "कडेला बघ. आधी कडेला येतो."

"आला. मध."

आणि ती थांबली. चार वर्षं रंग सांगितल्यावर दुसऱ्याच कुणाचा हात पाण्याकडे जायचा. तिचा हात अजून त्या हाताची वाट बघत होता. मध तांबूस व्हायला एखादा श्वास उरला होता.

"माझ्यासाठी काय थांबतेस?" लोहार म्हणाला. "दे पाणी."

तिने पातं बुडवलं. चर्र झालं, वाफ दोघांच्याही तोंडावर आली. मुकादमीणबाईने विळा घेतला, कुंपणाचं वाळलं गवत मुठीत धरून एका ओढीत कापलं, धारेवर नख चालवलं. तिने लेकीला मान हलवून खूण केली आणि बाकीचे विळे उन्हातून ओढून भट्टीजवळ आणून ठेवायला सांगितलं.

"किती आहेत?" लोहाराने विचारलं.

"अठ्ठावीस," लोहारीण म्हणाली.

"मग बस नीट. पाठ धरेल," तो म्हणाला, आणि त्याने भाता ओढला.